पळीचा दांडा

क्योटोतल्या त्या जुन्या शिंतो देवळाच्या दाराशी दगडी टाकं होतं. आत जाण्याआधी लोक बांबूच्या पळीने हात धूत होते, चूळ भरत होते. माझ्यापुढच्या म्हातारीने शेवटी पळी उभी धरली आणि उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू दिलं.

"हे कशाला?" मी लेकीला विचारलं.

"आपला हात लागला ना, बाबा. पुढच्यासाठी दांडा धुऊन ठेवायचा."

दांडा मीही धुवायचो. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत माठ होता, त्यावर ओगराळं. कांबळे सर पाणी पिऊन गेले की मी त्याचा दांडा विसळायचो आणि मगच पाणी घ्यायचो. कारण फक्त त्यांची जात. एकदा ते दारातच उभे होते. म्हणाले, "नीट घासा गुरुजी, राहिलं असेल कुठे." दुसऱ्या दिवसापासून ते घरून बाटली आणू लागले.

त्यांच्या निरोप समारंभात मी भाषण ठोकलं, "सर तब्येतीला इतके जपतात, की शाळेचं पाणी कधी प्यायले नाहीत!" सगळे हसले. सरही हसले. मी बोललो ते खोटं होतं. सर आता नाहीत, म्हणून निदान लिहून ठेवतो.

इथली माणसं पुढच्यासाठी धुतात. मी आधीच्या माणसाला धुऊन टाकत होतो.

मी पळी उभी धरली. पुन्हा भरली, पुन्हा धरली.

"बाबा, पुरे की. लोक खोळंबलेत."

मागच्या गृहस्थाने मान लववून माझ्या हातून पळी घेतली आणि न विसळता पाण्यात बुडवली.