भुकेचं दुखणं

मी अकरा वर्षांची असताना भूक लागली की माझं पोट दुखायचं. बेंबीच्या जरा वर, एकाच जागी, कुणी बोट टेकवून ठेवल्यासारखं. बहुतेकदा पहाटे. लालबागची आमची चाळ तेव्हा निजलेली असायची. मी अर्धवट झोपेतच डब्यातला टोस्ट काढायचे. खाल्ला की दुखणं हळूहळू विरघळायचं आणि मी पुन्हा झोपेत उतरायचे. सकाळी ते खरंच दुखलं होतं की स्वप्नात, हे मला नीट सांगता यायचं नाही.

आई मसाल्याच्या गिरणीत कामाला होती. उन्हाळ्यात दिवसभर मिरच्या भाजायच्या. संध्याकाळी तिच्याआधी तिखटाचा वास दारातून आत यायचा. शेजारची मालवणकडची मावशी एकदा तिला म्हणाली, "गो, तुझ्या कपड्यांवरसून मिरची घरात येता. चेडवाच्या पोटात तीच जाता."

तेव्हापासून आई कामावरून आली की आधी मोरीत जायची. अंघोळ करून केस पुसून होईपर्यंत मला जवळ घ्यायची नाही. घरातली कालवणं फिकी झाली. पप्पा वरून मीठ घेऊन जेवायचे. माझं पोट दुखतच राहिलं.

मग एकदा शाळेत प्रार्थनेला उभी असताना कानात समुद्र वाजायला लागला. समोरच्या मुलीची वेणी लांब लांब जात राहिली आणि मी खाली बसले ती उठलेच नाही.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"शीचा रंग कसा असतो गं?"

"काळा. डांबरासारखा."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. अंगातलं रक्त कमी झालं होतं आणि ते पोटातूनच जात असणार, असं त्यांनी आईला सांगितलं. दुर्बीण घालून आत बघायचं ठरलं.

हातातल्या सुईतून औषध गेलं तेव्हा एक गार रेघ खांद्यापर्यंत चढत आली. "आता काहीतरी छान आठव," कुणीतरी म्हणालं. मला आजोळचं तळं आठवलं. मी त्यात उतरत होते आणि भिजत नव्हते. कमळाची पानं डोक्यावर होती, त्यांच्यातून हिरवा उजेड झिरपत होता. कुठेही काही दुखत नव्हतं. मला तिथून यायचंच नव्हतं.

जागी झाले तर घसा खरखरत होता आणि आई माझे तळपाय चोळत होती.

तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हाला आतला फोटो दाखवला. गुलाबी, ओली गुहा आणि तिच्यात एक पांढरा चट्टा. "जठर संपून आतडं सुरू होतं ना, तिथे ही जखम आहे. जठरात एक जंतू राहतो, त्याच्यामुळे झाली."

आईने पदर मुठीत धरला. "मी मिरचीत काम करते, मॅडम. माझ्यामुळे तर नाही ना?"

"नाही. हा जंतू पुष्कळांच्या पोटात असतो, बहुतेकांना कळतही नाही. हिला त्रास झाला. मिरचीचा यात काही संबंध नाही."

"परत एकदा सांगा," आई म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं, तितक्याच शांतपणे. बाहेर आल्यावर आई बाकावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

दोन आठवडे गोळ्या होत्या. तोंडाला गंजलेल्या खिळ्याची चव असायची, पाणीसुद्धा तसंच लागायचं. मी खिडकीपाशी पडून असायचे. दुपारच्या उन्हात धुळीचे कण तरंगायचे, खालून पिठाच्या गिरणीची धडधड यायची आणि तिच्या तालावर मला झोप लागायची.

पुढे श्वासाची तपासणी झाली. पाण्यासारखं औषध प्यायचं, थांबायचं आणि पिशवीत फुंकर मारायची. जंतू गेला होता.

रिपोर्ट घेऊन आम्ही दोघी चालत घरी निघालो. वाटेत मला भूक लागली. मी थांबून, श्वास धरून वाट पाहिली. दुखलं नाही. पोट नुसतं रिकामं होतं, हलकं, जवळजवळ गोड वाटणारं.

"काय झालं?" आई घाबरून म्हणाली.

"भूक लागलीय."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग आम्ही पुलाखालच्या इडलीवाल्याकडे गेलो. मी तिखट चटणी मागून घेतली.