ताईवर लिहिलेला निबंध

कॉलेजात मी समाजशास्त्र घेतलं ते काही समाजाचा कळवळा होता म्हणून नव्हे. संस्कृतचं मला वावडं होतं, आणि नव्या विषयात मार्क सढळ हातानं मिळतात अशी अफवा होती. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या खेड्यातून मी अमरावतीला आलो, खोली घेतली, आणि स्वयंपाकाला म्हणून बाबांनी माझ्यासोबत ताईला धाडलं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली होती आणि चार वर्षांपासून ती माहेरी होती. गावात ती विहिरीवर गेली की बायांचं बोलणं थांबायचं. अमरावतीत तिला कोणी ओळखत नव्हतं, आणि याचा तिला इतका आनंद झाला होता की पहिले आठ दिवस ती उगाचच रस्त्यानं हिंडून यायची.

आमचे सर पुण्याकडचे. पुस्तकं इंग्रजी, शिकवणं मराठीत. अमेरिकेतला वर्णभेद, युद्धानंतर घरदार सोडून निघालेले निर्वासित, विलायतेतल्या गिरण्यांत राबणारी लहान पोरं, दुष्काळ, वाढती लोकसंख्या, असं सगळं जग ते फळ्यावर मांडायचे. परतवाड्यापलीकडे काही न पाहिलेल्या मला त्या जगाची नशाच चढली. संध्याकाळी ताई भाकरी थापायची आणि मी चुलीसमोर बसून दिवसाचा धडा तिला मोठ्यानं सांगायचो. तिच्यासाठी नव्हे, माझा पाठ होतो म्हणून.

"गाढवापुढं वाचली गीता," मी चिडवायचो.

"गाढव आयकते तरी," ती म्हणायची. "तू तं तेई नाही करत."

एकदा मी सांगत होतो की अमेरिकेत काळ्या लोकांना बसमध्ये मागेच बसावं लागतं. ताईनं भाकरी उलटता उलटता विचारलं, "मंग आपल्या गावच्या विहिरीवर काय होते? हे सांग ना तुह्या सरले." ते वेगळं, मी म्हणालो. काय वेगळं ते सांगता आलं नाही म्हणून मग तिच्यावरच चिडलो. उत्तर येत नसलं की मला राग येतो, अजूनही येतो. निर्वासितांच्या धड्याला ती रडली होती. पुढे कितीतरी दिवस अधूनमधून विचारायची, "त्या बाया कोठं गेल्या असतीन रे मंग?" पुस्तकात त्यापुढचं काही नव्हतं.

तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. खोलीवर आल्यावर तिनं कुठून कुठून जुनी पुस्तकं मिळवली आणि पाचवी-सहावीचा अभ्यास एकटीनं उरकला. सातवीची परीक्षा बाहेरून देता यायची. ती पास झाली की बायकांच्या ट्रेनिंगला जाता येणार होतं, आणि ट्रेनिंग झालं की कुठल्यातरी खेड्यात मास्तरीण. स्वतःची खोली, स्वतःची चूल. हे तिनं माझ्याशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त ट्रेनिंगला वयाची अट होती आणि ताई त्या अटीत त्याच वर्षी कशीबशी बसत होती. ते वर्ष गेलं की सगळंच गेलं.

"सातवीचा फारम मीच आणीन," ती म्हणाली होती.

"तुले कचेरीत कोन इचारते? मी आणतो," मी ऐटीत म्हणालो.

तिनं ट्रंकेतून आपला चौथीचा दाखला काढला आणि घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला. फॉर्मसोबत तो जोडायचा होता. फॉर्म द्यायची शेवटची तारीख त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी होती.

नेमकं त्याच सोमवारी सरांनी वर्गाला काम दिलं. जगातल्या समस्या पुष्कळ झाल्या, आता आपल्या ओळखीतल्या एखाद्या माणसावर लिहा, नाव घालू नका, शनिवारी आणा. मला माणूस शोधायला कुठे जावं लागलं नाही. कॉलेजच्या वाचनालयात बसून मी पानंच्या पानं भरू लागलो. ताईचं लग्न, सवत, माहेरी परत येणं. आणि बाजाराची गोष्टही लिहिली. नवऱ्यानं दुसरी आणल्यावरही वर्षभर ताई दर बाजाराला चांगलं लुगडं नेसून अंजनगावला जायची, कारण तो तिथं विड्याची पानं विकायला बसायचा. एकदा तरी 'चल घरी' म्हणेल म्हणून ती त्याच्या समोरून दोन-तीनदा जायची. एके दिवशी त्यानं मान वर करून विचारलं, "पानं पायजे काय, बाई?" त्यानंतर ती बाजाराला गेली नाही. हे तिनं मला एकट्याला सांगितलं होतं, आणि मी ते 'मानसिक अवस्था' या मथळ्याखाली घातलं.

फॉर्म मिळायचा ती कचेरी वाचनालयापासून दोन गल्ल्यांवर होती. मंगळवारी ताईनं फॉर्मचं विचारलं, मी उद्या म्हटलं. बुधवारी विचारलं तेव्हा खेकसलो, "माह्यामागं लागू नको. आणतो म्हटलं ना!" मग तिनं विचारणं सोडलं. मी अभ्यासात आहे असं पाहून ती चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायची. शुक्रवारी दुपारी, कचेरी बंद व्हायच्या वेळेला, मी निबंधाचा शेवटचा भाग लिहीत होतो. त्याला मथळा दिला होता 'उपाय'. अशा स्त्रियांना शिक्षण दिलं पाहिजे, त्यांना स्वतःच्या पायावर उभं केलं पाहिजे, असं मी लिहिलं, आणि लिहिताना मला खरोखर गहिवरून आलं. फॉर्म माझ्या डोक्यातून पार गेला होता.

शनिवारी सरांनी पाच-सहा निबंध चाळले आणि माझा वर्गात वाचून दाखवला. मी तरंगतच खोलीवर आलो. रविवारी दुपारी ताई सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी समोर बसलो. "आज मी लिवलेला धडा आयक," म्हटलं आणि पिशवीतून कागद ओढले. त्यांच्याबरोबर तिचा दाखला बाहेर आला आणि सुपात पडला. तो पाहूनही मला काही आठवलं नाही. तिनं उचलला, पदरानं पुसला आणि मांडीवर ठेवला. मी तोवर पहिलं वाक्य ठसक्यात वाचायला लागलो होतो.

अर्ध्या पानापर्यंत तिचे हात चालू होते. मग थांबले. मला वाटलं, रंगली. बाजाराचा भाग मी जरा आवाज खाली आणून वाचला, वर्गात सरांनी वाचला होता तसा. 'माहेरी ती केवळ भार म्हणून जगते' हे वाक्य वाचलं. तिनं केलेला चहा माझ्या शेजारीच ठेवलेला होता. उपाय वाचून संपवले आणि शाबासकीसाठी तिच्याकडे पाहिलं.

"चांगलं लिवलं," ताई म्हणाली. "बजारातलं काहून लिवलं पन? ते मी तुले सांगितलं होतं, बापू."

"नाव कोठं लिवलं तुहं?"

"भावाचंई नाही लिवलं. ह्या बाईले भाऊ हाये, हे कोठंच नाही त्यात." मग तिनं मांडीवरचा दाखला माझ्यापुढं ठेवला. "हा इथंच राह्यला."

तेव्हा मला शुक्रवार आठवला. पुढच्या वर्षी भरू, असं म्हणणार तोच वयाची अटही आठवली. ताई रडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं सूप जवळ ओढलं आणि उरलेली ज्वारी निवडली.

सोमवारी मी कचेरीत गेलो. "तारीख गेली. शुक्रवारी काहून नाही आले?" बाबूनं विचारलं. निबंध लिहीत होतो म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. बहिणीची तब्येत बिघडली होती, असं खोटं बोललो. तो म्हणाला, मग जपा तिला, आणि पुढच्या माणसाकडे वळला.

त्यानंतरही दोन वर्षं ताईनं मला रांधून घातलं, एक दिवस न चुकता. पण मी धडा काढला की ती घागर घेऊन नळावर जायची. पुस्तकं तिनं शेजारच्या पोरीला देऊन टाकली.

पुढे एम.ए. करून मी अकोल्याच्या एका कॉलेजात लागलो, हाच विषय शिकवायला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ताई गावी परत गेली. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि मुलीकडचे विचारायचे, घरात आणखी कोण कोण असतं? बाबा ताईचं नाव घेताना खाली पाहायचे. ताईला ते आतून ऐकू येत असणार.

त्याच सुमारास माय तिला रिद्धपूरच्या मठात दर्शनाला घेऊन गेली आणि एकटीच परत आली. ताई मठातल्या बायांमध्ये राहिली होती. त्यांना पोथी वाचून दाखवायची, आणि दीक्षा घेते म्हणत होती. दीक्षा घेतली की घर सुटतं, नाती सुटतात. घरच्यांची संमती लेखी द्या, असं महंतांनी कळवलं. बाबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी गावच्या माणसाबरोबर अकोल्याला मला निरोप धाडला, "पयले रिद्धपूरले जाऊन तिले भेट. तिच्या मनात खरंच काय हाये ते इचार. मंगच लिव."

मी गेलो नाही. तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटत होतं. निरोप मिळाला त्याच दुपारी मी संमतीचं पत्र लिहिलं, आणि पोस्ट बंद व्हायच्या आत स्वतः जाऊन टाकून आलो.