यंदाची नानकटाई

मलकापुरात आमच्या गल्लीत राहणाऱ्या त्या काकू बोलायला फटकळ. काहीही सांगितलं की "व्हय का न्हाई?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायच्या. फौजेतला त्यांचा एकुलता लेक उन्हाळ्यात गेला. दिवाळीच्या तोंडावर आम्ही बायका नानकटाई भाजून घ्यायला बेकरीत रांगेत उभ्या होतो. मळलेल्या पिठाचा डबा घेऊन त्या आल्या, तशा सगळ्या त्या डब्याकडं बघायला लागल्या.

"आवं काकू, दुःखाच्या घरात यंदा कढई चढवत न्हाईत," पुढची एक बाई म्हणाली.

"तळत न्हाईत. मी भाजणार हाय. व्हय का न्हाई?"

आता भांडण पेटणार, असं मला वाटलं.

त्यांचा ट्रे भट्टीतून निघाला. फडक्यानं धरून तो त्यांनी थेट त्या बाईपुढंच केला. "घ्या."

बाईचा हात वर येईना. काकूही ट्रे मागं घेईनात. शेवटी मीच एक उचलली.

"लेकाला लय आवडायची," त्या म्हणाल्या. "मला कवाच न्हाई." मग एक तोंडात टाकून, भट्टीकडं तोंड करून त्या सावकाश चावत राहिल्या.