नाचणीची बिस्किटं, बेदाणे घालून

मी भित्री बाई नाही. तीस वर्षं आठवी-नववीला गणित शिकवते आहे. व्हरांड्यात माझ्या चपलांचा आवाज आला की पोरं आपसूक वह्या उघडतात. सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून भांडायचं असलं की सगळे मलाच पुढे करतात. तेव्हा एका भर दुपारी मी माझ्याच दाराला आतून कडी लावून पाऊण तास लटपटत बसले होते, हे सांगितलं तर आमच्या मजल्यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही. फक्त एका माणसाला ते ठाऊक आहे.

तो माणूस म्हणजे समोरच्या दारातले काका. अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होते, निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली. काकू होत्या तोवर त्या घरातून दिवसभर आवाज यायचे. त्या गेल्या आणि घरात काका आणि एक कुत्रं एवढेच उरले. कुत्रं काकूंनीच आणलेलं. द्वारका चौकात पुलाखाली रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या, तर गाड्यांच्या मधोमध एवढंसं पिल्लू ओरडत होतं. त्यांनी ते उचललं, पिशवीतल्या मेथीच्या जुडीवर ठेवलं आणि घरी आल्या. काका तेव्हा महिनाभर रुसले होते म्हणे. आता त्यांचं सगळं बोलणं त्याच्याशीच. दारं समोरासमोर असली तरी आमची आतली भिंत एकच आणि पातळ आहे, मला ऐकू येतं. सकाळी पेपर वाचून दाखवतात त्याला.

माझं आणि त्या कुत्र्याचं पहिल्यापासून वाकडं. खाली पार्किंगमध्ये वीस गाड्या उभ्या असतात, पण ह्याला पाय वर करायला माझ्याच स्कूटरचं मागचं चाक लागतं. त्यावरून मी काकूंशी दोनदा कडाकडा भांडले होते. त्या हसायच्या आणि बादलीभर पाणी आणून चाक धुवायच्या.

काकांना स्वयंपाक येत नाही. त्यांचा स्वतःचा डबा बाहेरून येतो आणि कुत्र्याला ते दुधात बुडवलेली दुकानातली बिस्किटं घालायचे. एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, चार दिवस झाले, त्याला धड साफ होत नाही. झालं. मी काय गप्प बसणारी आहे? तिथेच जिन्यात त्यांची हजेरी घेतली. मैदा आणि साखर घालून मुक्या जिवाला मारताय, म्हटलं, काकू असत्या तर चालवून घेतलं असतं का त्यांनी? ते बिचारे पहिलीतल्या पोरासारखे खाली बघत उभे. मग मीच म्हटलं, राहू द्या, मी करून देते.

नाचणीचं पीठ घेतलं, त्यात उकडलेला लाल भोपळा कुस्करला, मूठभर दाण्याचं कूट घातलं. मीठ नाही, साखर नाही, तेलाचं बोट नाही. घट्ट मळून जाडसर लाटलं, बरणीच्या झाकणाने गोल कापलं आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी कडक भाजलं. कुत्र्याने एक बिस्किट हुंगलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवून पलंगाखाली गेलं. काका ओशाळले. मला मात्र राग आला. माझ्या हातचं आजवर कोणी पानात टाकलेलं नाही, आणि हे द्वारकेच्या पुलाखालचं ध्यान नाक मुरडतं!

माझं माहेर पिंपळगाव बसवंतकडचं, द्राक्षाच्या घरातलं. भाऊ बाग करतो. निर्यातीतून मागे राहिलेल्या मालाचे बेदाणे घरीच करतो आणि दर वर्षी पिशवी भरून मला पाठवतो. आमच्याकडे बेदाणा हे नुसतं खाणं नाही, औषध आहे. अशक्तपणा आला, बेदाणे. खोकला झाला, बेदाणे. तान्ह्या बाळाचं पोट साफ होत नसलं तर भिजवून त्याचं पाणी चमच्याने पाजायचं. माझी मुलगी त्यावरच वाढली. मग कुत्र्याचं पोट साफ होत नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काय येणार? दोन मुठी बेदाणे भिजवले, मिक्सरमधून काढले आणि पिठात मळले. चोवीस बिस्किटं झाली. गोडही झाली, पोटालाही बरी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात पोरांना कितीदा ऐकवली असेल.

शनिवारी सकाळची शाळा करून आले आणि एकच्या सुमाराला डबा काकांना दिला. कुत्र्याने पहिलं बिस्किट त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. मग दुसरं, मग तिसरं. काका हसले. काकू गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी तिथल्या तिथे फोटो काढला आणि पुण्याला मुलीला पाठवला. खाली लिहिलं, बेदाणे घातल्यावर बघ कसं खातंय.

दोन वाजता तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"आई, किती खाल्ली त्याने?"

तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे कुत्रा आहे, त्यामुळे तिला माहीत होतं. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याला विष ठरू शकतात, मूत्रपिंडं निकामी होतात. आत्ताच्या आत्ता समोर जाऊन सांग आणि डॉक्टरकडे ने, म्हणाली. मी तिलाच झापलं. तू बेदाण्याच्या पाण्यावर वाढलीस, मला शिकवू नकोस, म्हटलं. फोन ठेवला, पण स्वस्थ बसवेना.

भावाला फोन लावला. तो हसलाच. "अगं ताई, आपल्या मळ्यातली कुत्री पडलेले मणी खातात की. लय काय होत नाय." तो शब्द मी घट्ट धरून ठेवला. पण मनातून एक विचार जाईना. मळ्यातलं कुत्रं मेलं तर ते कशाने मेलं, हे आमच्याकडे आजवर कोणी बघितलंय?

मी समोर गेले. काय झालंय ते सांगायलाच गेले होते, देवाशपथ. काकांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. पीठ जुनं निघालं वाटतं, म्हटलं, कडवट लागतंय, डबा द्या, दुसरी करून देते. त्यांनी निमूट डबा आणून दिला. आत पंधरा उरली होती. कुत्रं उंबऱ्याशी पडलं होतं. मला बघून त्याने शेपूट दोनदा फरशीवर आपटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

घरी आले आणि कडी लावली. नवरा ड्यूटीवर, घरात मी एकटी. दारामागच्या स्टुलावर बसले. दहा मिनिटं बघू, मनाशी म्हटलं, तेवढ्यात काही झालं नाही तर सांगायची गरजच काय. दहाची वीस झाली. भिंतीपलीकडे फरशीवर त्याच्या नखांचा आवाज आला की जिवात जीव यायचा. थांबला की पुन्हा येईपर्यंत मी आकडे मोजायची. मला भीती कुत्र्याच्या जिवाची वाटत होती, आणि त्याहून जास्त काकांच्या चेहऱ्याची. जिन्यातलं माझंच भाषण कानात वाजत होतं. मैदा घालून मुक्या जिवाला मारताय. पावणेतीन वाजले. सांगायला हवं, हे कळत होतं. तरी मी स्टुलावरून उठले नाही.

बेल वाजली तेव्हा तीन होत आले होते. काका अनवाणी उभे होते. "बाई, जरा येता का? उलट्या होतायत त्याला. उभं राहवत नाही."

रिक्षात तो त्यांच्या मांडीवर होता, काकूंच्या जुन्या शालीत गुंडाळलेला. थरथरत होता. डॉक्टर तरुण होते. त्याला टेबलावर घेत त्यांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लंय का? काकांनी ठामपणे मान हलवली. बाहेरचं काही नाही, म्हणाले, ह्या बाईंनी घरी केलेली नाचणीची बिस्किटं तेवढी. मग माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाले, "घरचं आहे हो, त्यात वाईट काही नसणार."

मी टेबलाची कड धरली. "त्यात बेदाणे होते," मी म्हणाले.

डॉक्टरांनी झटकन वर बघितलं. किती? दोन मुठी, चोवीस बिस्किटं, त्यातली ह्याने खाल्ली नऊ. सहावीतल्या पोराला येईल असं गणित, आणि ते मी बोटांवर मोजलं. शेवटी म्हटलं, पाऊण मूठ. कधी खाल्ले? एक वाजता, काका म्हणाले. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर पोटातलं बरंच काढता आलं असतं, म्हणाले, आता बघू.

तो पाऊण तास कुठे गेला, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ते मात्र मी बोलले नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्याच्या कानामागे खाजवत राहिले.

उलट्या थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, एखादा चार दाण्यांनी जातो, हा त्यातला कोणता ते दोन-तीन दिवसांत कळेल. लघवीवर लक्ष ठेवा. लघवी बंद झाली तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही.

मी शाळेत रजा टाकली. सकाळ-संध्याकाळ रिक्षाने दवाखाना. स्कूटरच्या चाकावर पाय वर केला म्हणून जिने सोसायटी डोक्यावर घेतली होती, ती मी सकाळी उठल्याबरोबर समोरचं दार वाजवून विचारायची, झाली का? रविवारी थोडी झाली, गडद. सोमवारी रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडाचे आकडे वाढले होते. देवाधर्माचं माझं यथातथाच आहे, पण त्या दिवशी रिक्षा गोदावरीच्या पुलावर आली आणि माझे हात आपोआप जोडले गेले. जेवण जात नव्हतं. मुलगी फोन करायची, तिच्याशी बोलायचीही भीती वाटायची.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं शेजारी बसायचो. सोमवारी संध्याकाळी काका शालीची घडी घालत हळूच म्हणाले, "तिने आणलाय तो. मला नीट सांभाळता आला नाही असं व्हायला नको होतं."

ते स्वतःला बोल लावत होते. त्या क्षणी तरी मी सगळं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझ्या भित्रेपणाचा मला इतका संताप आला की बाकाखाली मी स्वतःचंच मनगट आवळून धरलं.

मंगळवारी रिपोर्टमधले आकडे जरा उतरले. पण आदल्या रात्रीपासून लघवी झालेली नव्हती, आणि डॉक्टरांचा चेहरा काही मोकळा झाला नाही. घरी घेऊन जा, संध्याकाळपर्यंत वाट बघू, म्हणाले. रिक्षा गेटपाशी थांबली. काकांनी त्याला खाली ठेवलं. तो लटपटला, पुन्हा उभा राहिला. दोन गाड्या ओलांडून, तिसरीला हुंगून, डुलत डुलत माझ्या स्कूटरपाशी गेला. मागचं चाक. पाय पुरता उचलवेना, पण धार लागली, चांगली लांब, थांबेचना. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि पदर तोंडात धरून रडले.

पुढच्या आठवड्यात तो सावरला. काका दिसले की मी मात्र घाईघाईने घरात शिरायची. एका संध्याकाळी त्यांनी बेल वाजवली. तो त्यांच्या पायाशी उभा होता. आत या म्हटलं, तर नको म्हणाले.

"त्या दिवशी डबा परत न्यायला आलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

जुन्या पिठाची थाप पुन्हा मारता आली असती. ती जिभेवर आलीही होती. त्यांनी ती मानलीही असती.

"होतं," मी म्हणाले. "पाऊण तास माहीत होतं. तुम्हाला सांगायची भीती वाटली."

ते वाकून त्याच्या कानामागे खाजवत राहिले. मग त्यांनी हातातली पिशवी पुढे केली. नाचणीचं पीठ होतं आणि भोपळ्याची एक फोड.

"ह्यात दुसरं काही घालू नका," म्हणाले. "आणि पुन्हा काही झालं तर लगेच सांगत चला. मी कोणाला ओरडत नाही, बाई."

मी त्याच संध्याकाळी केली. प्रत्येक जिन्नस दोनदा तपासून घेतला, आणि खरं सांगायचं तर अजूनही घेते. पहिलं बिस्किट मी स्वतः खाल्लं. मग एकच घेऊन समोर गेले, त्याला दिलं, आणि घरी परत न येता तिथेच काकांच्या उंबऱ्यावर बसून राहिले. माझं दार समोर सताड उघडं होतं.