हात तिचे, डिझाइन माझं

"तू इथं सतरंजीवर बस. पाहुणे आले की टोपली विणायला घे."

प्रदर्शनाच्या दिवशी मुग्धाताईंनी मला असं सांगितलं तेव्हा मी विणलेली खुर्ची माझ्या पाठीशीच होती. चौथऱ्यावर. भिंतीवर त्या खुर्चीची मी काढलेली चित्रं. अठरा. आणि मी खाली.

मी मिरजेची. जर्मनीतल्या येनात ऑप्टिक्स शिकायला आलेली. मुग्धाताई पुण्याच्या, आर्किटेक्ट. नवऱ्याच्या नोकरीमुळं इकडं आलेल्या. पहिल्याच हिवाळ्यात मला ताप आला, तेव्हा त्यांनी मऊभात करून हॉस्टेलवर आणला होता. त्यांना मी ताई म्हणाले ते तोंडदेखलं नव्हतं.

त्यांच्याच स्वयंपाकघरात मी स्वीडनमधल्या एका कला आणि डिझाइन शाळेचं माहितीपत्रक वाचलं. काच, माती, कापड, धातू, फर्निचर. पोरांना चित्रकला शिकवणारे शिक्षकही तिथंच घडायचे. आणि शेवटच्या पानावर शाळेचा इतिहास. ती कारागिरांसाठी सुरू झाली होती. आठवडाभर राबणारी माणसं रविवारी यायची आणि रेघा मारायला शिकायची.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. माझा बाप, आबा, बुरूड. बांबू फोडून सुपं, टोपल्या, करंड्या करणारा. त्याच्या हातात पेन्सिल कुणी दिली नाही. असलीही शाळा असते, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

त्या दिवशी मी मुग्धाताईंना जात सांगितली. येनात दुसऱ्या कुणाला ती माहीत नव्हती. त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का? इथं कोण विचारतं असलं! आल्झो, ठरलं तर, आपण दोघी अर्ज करू."

मी फर्निचरसाठी, त्या इंटिरियरसाठी. बांबू मिळेना, म्हणून मी वाळुंजाच्या काड्या आणल्या. हॉस्टेलच्या टबात भिजवल्या. तिथला रखवालदार, हाउसमाइस्टर, ओरडला. चार महिने खुर्ची कागदावर काढली, खोडली, पुन्हा काढली, मग विणली. माझी खोली लहान, म्हणून सगळं ताईंकडं ठेवलं.

मग इथल्या भारतीय मंडळाचं प्रदर्शन ठरलं. त्या शाळेतल्या एक शिक्षिका येनात येणार होत्या. ताईंनी त्यांना बोलावलं. "तुझं काम त्यांना दाखवू," म्हणाल्या.

शिक्षिका आल्या. त्याच रविवारच्या वर्गाबद्दल बोलल्या. कारागिरांच्या हातांबद्दल बोलल्या. सतरंजीवर बसून ऐकताना मला भरून आलं. मग त्या चित्रांपुढं थांबल्या. "कुणी केली ही?"

"डिझाइन माझं," मुग्धाताई म्हणाल्या. "हात तिचे." आणि माझ्याकडं बोट दाखवून इंग्रजीत सांगायला लागल्या. "तिची जातच टोपल्या विणणाऱ्यांची. त्यांना शिकवावं लागत नाही. रक्तातच असतं."

लोक कौतुकानं माझ्या बोटांकडं बघायला लागले. एकानं फोटो काढला. नुसत्या हातांचा.

रक्तात? वाकडी पडलेली टोपली आबांनी माझ्यासमोर सात-सात वेळा उसवली होती. मी रडत असले तरी पुन्हा विणायला लावली होती. बांबूच्या कुसळांनी बोटं पिकायची. शिकले होते मी. डोकं लावून.

मी उठले.

"नाइन, नाही," मी म्हणाले. "चित्रं माझी आहेत. एकूण एक."

शिक्षिकांनी ताईंकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग घड्याळाकडं. "हे तुम्ही आपसांत मिटवा," म्हणाल्या आणि कॉफीच्या टेबलाकडं गेल्या. कारागिरांबद्दल इतकं गोड बोललेली बाई.

ताई कुजबुजल्या, "तमाशा करू नकोस. माझा अर्ज गेलाय, ह्याच चित्रांवर. पुढच्या वर्षी तुझी शिफारस मीच करीन."

अर्ज गेलाय. म्हणजे मला इथं बसवायच्या कितीतरी आधी. म्हणजे मी त्यांच्या घरी चहा पीत होते, तेव्हाच.

"माझी जात मी तुम्हाला विश्वासानं सांगितली होती," मी म्हणाले. "तुम्ही तिची पाटी करून माझ्याच गळ्यात अडकवली."

मग भिंतीवरची चित्रं उतरवायला लागले. एकेक पिन काढत. कुणी मदत केली नाही. कुणी अडवलंही नाही. खुर्ची डोक्यावर घेतली आणि ट्राम पकडली.

त्या वर्षी मुग्धाताईंना प्रवेश मिळाला. मी अजून अर्ज भरलाच नव्हता, आणि मुदत संपली होती. मी शाळेला सगळं लिहून कळवलं, कच्ची रेखाटनं जोडली. दोन ओळींचं उत्तर आलं. निर्णय झाला आहे.

आबांना फोन केला. ते म्हणाले, "सोडून दे बाई. मोठ्या माणसांशी वाकडं नको."

"आबा, तुम्ही जन्मभर सोडत आलात," मी म्हणाले. आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात नवी चित्रं करायला घेतली. अर्जाचं पहिलं वाक्य लिहिलं: मी बुरडाची मुलगी आहे, आणि हे काम माझ्या डोक्यातून आलं आहे. शिफारशीची जागा कोरी ठेवली. शाळेनं नाही म्हटलं, तर पुढच्या वर्षी हेच वाक्य जाईल. त्याच्या पुढच्याही. मी कोण, हे सांगायचा हक्क मी आता दुसऱ्या कुणाला देणार नाही.