बाळंतिणीसाठी हुमण

बारशाच्या दिवशी विहीणबाई मला जे म्हणाल्या ते चांगल्या मनाने म्हणाल्या, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं. वाईट मनाने म्हणाल्या असत्या तर मी तिथल्या तिथे दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

"तुमी कायएक करू नकास," त्या चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या. "तुमच्या घरात बाईलमाणूस नाय. आमी आसंव मां."

मी मान डोलावली, चहा प्यायलो, नातवाच्या मुठीत पाकीट खुपसलं आणि पाळीहून धारगळला घरी येईपर्यंत सगळा रस्ता स्कूटरवर एकटाच बडबडत आलो. बाईलमाणूस नाही म्हणे. नाही तर नाही! माणूस तर आहे?

आमच्यात मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यात विचारायचं काही नसतं. सातवा-आठवा महिना लागला की मुलीला आणायची, बस्स. पण माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली आणि घरात मी एकटा. एकुलती एक मुलगी, पण तिला आणायचा विषय मी काढायच्या आतच तिनेच फोनवर सांगून टाकलं, "बाबा, तुम्ही कसं करणार? मी इथेच राहते." मी म्हटलं, "बरोबर आहे." फोन ठेवला आणि घराभोवती तीन फेऱ्या मारल्या. शेजारणीने जनेलातून विचारलं, काय हरवलं काय? मी म्हटलं, हो, हरवलं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. बाळंतपण गेलं ते गेलं. पण सव्वा महिना झाल्यावर तिने बाळाला घेऊन निदान पंधरा दिवस तरी माझ्याकडे यायला हवं. एकदा आली नाही की दुसऱ्यांदा येत नाही. मग चवथीला दोन तास, जत्रेला एक तास, असं करत करत माहेर संपतं. मी असं संपलेलं माहेर पाहिलेलं आहे, आमच्या वाड्यावरच दोन आहेत. पण ये म्हणून बोलवू कुठल्या तोंडाने? बाळंतिणीला खायला काय घालणार, हे ती विचारणारच. म्हणून मी ठरवलं, विचारायच्या आधीच दाखवायचं. घरी काहीतरी करायचं, डबा घेऊन जायचं, तिने तो खायचा आणि मग मी विषय काढायचा.

आता न्यायचं काय?

मी एकतीस वर्षं टपाल खात्यात काढली. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे तारखेचा शिक्का बदलायचा. एवढी पत्रं, एवढ्या मनिऑर्डरी माझ्या हाताखालून गेल्या, कधी अडलं नाही. पण ह्या एका डब्याने मला दहा दिवस नाचवलं.

फार्मसीवाला म्हणाला, पावडरचा डबा न्या, हल्ली सगळे तोच नेतात. मी म्हटलं, तुझ्या पोरीला ने. शेजारीण म्हणाली, डिंकाचे लाडू म्हापशाला सुरेख मिळतात. मिळतात ना. पण दुकानाचं नाव छापलेला खोका घेऊन बाळंतिणीच्या दारात उभं राहायचं म्हणजे आमच्याकडे चूल पेटत नाही असं गावभर ओरडून सांगण्यासारखंच. सफरचंदं नेली तर आजाऱ्याला बघायला आल्यासारखं दिसतं. अळिवाची खीर, मेथीचे लाडू, सुंठ हे सगळं विहीणबाईंनी केलेलंच असणार; त्या मूळच्या सावंतवाडीकडच्या, नवऱ्याच्या ट्रकमागून पाळीला आलेल्या, तीन सुनांची बाळंतपणं केलेली बाई. त्यांच्या लाडवासमोर माझा लाडू ठेवायची माझी हिंमत नव्हती.

माझी मेव्हणी लाटंबार्श्याला असते. तिचा फोन आला, "भावजी, मी करून देते सगळं. तुम्ही फक्त घेऊन जा." मी म्हटलं, गरज नाही. ती म्हणाली, "तुमचा हट्ट कुणाला खायचा नाहीये, मुलीला खायचंय." मी फोन ठेवला. बायकोची बहीण, बोलायची पद्धत तीच.

मग मी नाचणीची तिजान करून बघितली. नाचणीचं पीठ, गूळ, नारळाचा रस, ढवळत राहायचं, एवढंच तर असतं. मी ढवळत होतो तेवढ्यात पोदेराचा भोंगा वाजला. पाव घ्यायला बाहेर गेलो आणि परत येईपर्यंत आत गोट्या झालेल्या. ती सगळी केळीच्या मुळात ओतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, पुन्हा केळीला. केळ माजली माझी.

असाच एका सकाळी आत-बाहेर करत होतो. बसलं तर बसवत नव्हतं, उठलं तर काय करायचं ते कळत नव्हतं. ढवळायचा चमचा, आमच्याकडची कुलेर, शोधायला कपाट उघडलं आणि मागे बायकोचा कडीचा डबा दिसला. वाड्यावर कोणीही बाळंत झाली, हिंदू असो की ख्रिस्तांव, की ह्याच डब्यातून आमच्या घरचं मोरीचं हुमण, नारळाच्या वाटणाचं कालवण, जायचं. मोरी म्हणजे आमच्याकडची लहान मुशी, शार्कच्या जातीचा मासा. ती खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं असं सगळ्या बायका म्हणतात. आमची मुलगी झाली तेव्हा माझ्या आईने बायकोला तेच घातलं होतं आणि बायको वाटी चाटूनपुसून खाताना मी दारातून पाहिलं होतं. मोरी! दहा दिवस मी झक मारत होतो आणि उत्तर कपाटात होतं.

स्कूटर काढली आणि पेडण्याच्या बाजारात गेलो. आणि काय नशीब माझं! गर्दी नाही, ढकलाढकली नाही. एरवी दहा-पंधरा मासेवाल्या असतात, आज तिघीच. एकीकडे हातभर लांब ताजी मोरी, आणि भावही असा की घासाघीस करायची लाज वाटावी. मासेवाली माझ्याकडे बघत म्हणाली, "आयज? तुमी?"

माझं डोकं फिरलं. बायको मेलेल्या माणसाने मासे घ्यायचे नाहीत की काय? "होय," मी म्हटलं, "आज आणि मीच. काप." तिने कापली.

घरी येऊन गरम पाण्यात बुडवून तिची खरखरीत कातडी खरवडून काढली. नारळ खवला. धणे, मिरी, भरपूर लसूण, हळद, मिरची नावाला; हे मला बायकोच्या पाट्यापाशी बसून पेपर वाचता वाचता पाठ झालं होतं, फक्त मला ते माहीत नव्हतं. शेवटी कोकमाची दोन सोलं टाकली. वास असा सुटला की मी जनेल उघडं टाकलं. शेजारणीला कळू दे म्हटलं. शेजारीण जनेलात आली, नाक वर केलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. जळते, मी म्हटलं.

डबा टवालात गुंडाळून पायांमध्ये धरला. अस्नोडा, डिचोली, साखळी. एरवी मी चाळिसाच्या वर जात नाही, त्या दिवशी कसा गेलो मलाच ठाऊक. सांडेल म्हणून भीती आणि निवेल म्हणूनही भीती. मध्येच थांबून डब्याला हात लावून बघायचो. आणि तोंडाने मुलीला बोलवायची वाक्यं घोकत होतो. "तुझी खोली झाडून ठेवलीय." नको. "बाळाला घर दाखवायला नको का?" हेही नको. साखळीच्या पुढे मायनिंगचे ट्रक लागले, धूळ नाकातोंडात गेली, आणि मी डब्यावर हात धरून शिव्या देत पाळीला पोचलो.

विहीणबाई बाहेरच होत्या. "येवा, येवा! असे अचानक?" मी डबा पुढे केला. "काय हाडलास?"

"मोरीचं हुमण," मी म्हटलं. छाती किती फुगली होती सांगू! "मी केलंय. स्वतः."

त्यांनी पुढे केलेले हात तसेच मागे घेतले.

"आज सोमार मां ओ," त्या हळूच म्हणाल्या.

आमच्याकडे सोमवारी घरात मासा शिजत नाही. आमच्या घरीही कधी शिजला नाही. आणि ह्या बाईंचा तर नवरा ट्रकवर होता तेव्हापासून सोमवारचा उपास, आता मुलगा ट्रकवर म्हणून पुढे चालू. त्या सकाळपासून पाण्यावर होत्या आणि मी त्यांच्या दारात मासे घेऊन उभा. रिकामा बाजार आठवला, ती मासेवाली आठवली, शेजारणीचं नाक आठवलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला सोडून. एकतीस वर्षं तारखेचा शिक्का मारणाऱ्या माणसाला!

"चुकलं," मी म्हटलं. "मी जातो. वाटेत टाकून देतो." आणि खरंच वळलो. लाज म्हणजे काय ते मला साठीनंतर त्या अंगणात कळलं.

"बाबा?" आतून आवाज आला. मुलगी दारात आली. कानाला फडकं बांधलेलं, चेहरा उतरलेला, छातीशी बाळ. तिने नाक वर केलं. "मोरी?" ती म्हणाली. "आईची?"

विहीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे.

"बाळंतिणीक खयचो सोमार?" त्या एकदम म्हणाल्या. "सव्वा म्हयनो तिका देवाकडे जाऊचा नाय, मगे देवाचो वार तिका कसो लागात? पण घरात नको. भायर सोप्यार बसान खांव दे." आणि माझ्यावर ओरडल्या, "उबे काय ऱ्हवलास? झिलाक घेवा!"

अंगणात दाराशी दगडी सोपो, बसायचा कट्टा, होता. त्यावर त्यांनी केळीचं पान मांडलं, कारण घरातलं ताट मासळीला लावायचं नव्हतं. आतून उकड्या तांदळाचा गरम भात आणून लांबूनच वाढला आणि तोंड फिरवून आत गेल्या. मी नातवाला मांडीवर घेऊन बसलो. मुलीने डब्याची कडी काढली, भातावर हुमण घेतलं, पहिला घास घातला आणि थांबली.

"काय?" मी विचारलं.

"मीठ घातलंच नाही तुम्ही."

"घातलं असणार."

"नाही घातलं." ती हसायला लागली. हसता हसता खात राहिली. मीठ मागितलंही नाही. मग मध्येच विचारलं, "बाबा, सोमवार आहे हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नाही."

"काल रविवार होता, ते?"

"बाय, मला वार कळतच नाहीत आता." एकदा तोंड उघडलं ते मिटेना. "तुझी आई होती तेव्हा ताटावर बघितलं की कळायचं. माशाऐवजी अळसांदे दिसले की सोमवार. आता मी मिळेल ते खातो, नाहीतर पाव खातो. रिटायर माणसाला कोण विचारतो आज काय म्हणून? हे सगळं मी एवढ्यासाठी केलं की तू घरी यावंस. पंधरा दिवस. मी तुला करून घालू शकतो हे तुला दाखवायचं होतं." मग मी डब्याकडे बघितलं आणि म्हटलं, "तर हे असं दाखवलं."

ती खायची थांबली. बराच वेळ माझ्या शर्टाकडे बघत राहिली. मीही बघितलं, वरची दोन बटणं नव्हती, ती कधी गेली कोण जाणे.

"येते मी," ती म्हणाली. "सव्वा महिना शुक्रवारी होतो. ह्या नाही, त्यानंतरच्याही नाही, त्याच्या पुढच्या. त्या दिवशी गाडी घेऊन या."

"मी करून घालीन म्हणून?"

"तुम्ही?" ती पुन्हा हसली, पण डोळे भरलेले होते. "तुम्ही जेवता की नाही ते बघायला येते."

मला राग आला. हो, आला, खोटं कशाला सांगू? मी गेलो होतो तिला माहेर द्यायला आणि ती येणार होती माझी चूल पेटवायला. बाळंतीण मुलगी, ओलं अंग, आणि येऊन बापाला रांधून घालणार? हे माहेरपण की काय हे? पण मांडीवर बाळ झोपलं होतं, त्यामुळे उठून फेऱ्या मारता येईनात. आयुष्यात पहिल्यांदा राग बसून गिळला. तिने पान पुसून घेतलं. डब्यात थेंब ठेवला नाही.

निघताना विहीणबाईंनी डबा धुऊन, तांदळाने भरून दिला. म्हणाल्या, "धाडतंय मी तिका. अळीव बांधून देतंय. तुमी फकत वार बघून येवा."

घरी आल्या आल्या मी लाटंबार्श्याला फोन लावला. मेव्हणी आधी पाच मिनिटं नुसती हसली. मग म्हणाली, "भावजी, कागद-पेन घ्या." तेव्हापासून रोज सकाळी ती फोनवर ओरडते आणि मी फोन मेजावर उभा करून ढवळतो. अळसांद्याचं तोंडाक म्हणजे चवळीचं कालवण झालं, पेज झाली, लसणीची चटणी झाली. मुलगी आली की तिने चुलीकडे नुसतं बघितलं तरी मी तिचा हात धरणार आहे. शर्टाला बटणं लावली आहेत, वाकडी, पण आहेत.

आज बुधवार. सकाळची तिजान गुठळीशिवाय झाली, आणि चिमूटभर मीठही आठवणीने घातलं. केळीला काही मिळालं नाही. नऊ दिवस राहिले.