अध्यक्षांची पंगत

पंगत उठली की पाटाखाली काहीतरी सापडतंच. कुणाची अंगठी, कुणाचा चष्मा. आमच्या शनिवारच्या बैठकीतही असेच किस्से मागे राहिले. काही सांगतो.

मी पुण्यात मंगल कार्यालयात वाढपी होतो. शाळा चौथीपर्यंत. ही गेल्यावर मुलाकडे न्यूझीलंडला आलो, ऑकलंडच्या फ्लॅट बुश नावाच्या भागात. घर मोठं, पण मुलगा-सून कामावर, नात ईरा शाळेत किंवा स्विमिंगला. दिवसभर बोलायला भिंती. मग गल्लीतले दोघे शनिवारी दुपारी येऊ लागले. नाना, बँकेतून रिटायर झालेले, आणि कुमुदताई, रिटायर नर्स. ते आले म्हणून मी इथे टिकलो.

आम्ही अमेरिकेतला कॉमेडी शो बघायचो. सुटातला माणूस उभा राहून त्यांच्या अध्यक्षाची टर उडवतो. तिकडे तो झोपायच्या वेळी लागतो, आम्ही नेटवर चहाबरोबर बघायचो. मला इंग्रजी येत नाही. नाना हसले की मी हसायचो. एकदा नाना गदगदा हलले, मीही जोरात हसलो. कुमुदताई म्हणाल्या, "भाऊ, ही जाहिरात चालू आहे. नानांना ठसका लागलाय."

*

अमेरिकेत अध्यक्ष बदलला आणि आमच्या सोफ्यावर वाद सुरू झाला.

नाना म्हणाले, "मागच्या अध्यक्षाला हा सुटातला गोंजारायचा. नव्याला रोज सोलतो. बायस्ड आहे."

"नवा रोज माल पुरवतो, त्याला तो काय करणार?" कुमुदताई म्हणाल्या.

मी विचारलं, "बायस्ड म्हणजे?" नानांनी बँकेचं सर्क्युलर वाचावं तसं समजावलं. मी म्हणालो, "म्हणजे पंक्तिप्रपंच. ओळखीच्याच्या पानात तूप, बाकीच्यांना वास."

ईरा तिथेच बसली होती. तिला मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी तिला सांगितलं, पंगतीत ओळख बघायची नाही, सगळ्यांना सारखं वाढायचं. ती म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, आजोबा." इथली पोरं 'बरं'ला असं म्हणतात, हे मला नंतर कळलं.

मी म्हणालो, "स्वीट असो नाहीतर तिखट, सारखंच."

*

पुढे त्यांनी मलाच पंच केलं. नाना म्हणाले, "भाऊंना एक अक्षर कळत नाही. यांच्याकडून पंक्तिप्रपंच होणार नाही."

मागच्या अध्यक्षावरचा एक जुना भाग लावला, मग नव्यावरचा. मी चेहरा बघितला आणि निकाल दिला. "मागच्याची चेष्टा करताना हा हसतो. नव्याची करताना दात दाखवतो."

"बघा, मी काय म्हणत होतो!" नाना म्हणाले.

"मीही तेच म्हणत होते," कुमुदताई म्हणाल्या.

*

मग एका शनिवारी कुमुदताई म्हणून गेल्या, "नाना, त्या अध्यक्षाची चेष्टा तुम्हाला का झोंबते ठाऊक आहे? तुम्हीही तसंच बोलता."

नाना उठले. दारातल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायात सरकवल्या आणि निघून गेले. त्यातली एक कुमुदताईंची होती.

पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. मी एकटा शो लावून बसलो. सुटातला माणूस बोलत होता. कुठे हसायचं ते कळेना. टीव्ही बंद केला.

मी कुणाच्या दारात जात नाही. ईराला म्हणालो, "दोघांना फोन कर. आजोबांनी जेवायला बोलावलंय म्हण."

*

सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून केशर-वेलची आणवली, चक्का घरी बांधला, श्रीखंड केलं. दोघे आले. नानांच्या हातात पिशवी, पिशवीत जँडल. त्यांनी ती दारात ठेवली. कुमुदताईंनी घरून जोडीतली दुसरी आणली होती, ती तिच्याशेजारी ठेवली.

मी वाढायला घेतलं. कुमुदताईंना एक डाव, वर आग्रहाचा आणखी एक. नानांना एक, वर आणखी एक. ईराला एक.

ईराने तिन्ही ताटं बघितली. चमचा खाली ठेवला. मग स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजोबा, पंक्तिप्रपंच."

नाना गदगदा हलले. मी आधी कुमुदताईंकडे बघितलं. त्याही हलत होत्या.

मग मी हसलो.